कावळ्याचा पाऊण तास

माझा मुलगा अरारला, मुलगी तुरैफला. दोन्ही गावं सौदीच्या पार वरच्या अंगाला. आमच्याकडच्या बायका विचारतात, "सौदीत कसली आलीय थंडी?" अहो, दोन स्वेटर चढवून मी वाळवंट बघते!

मागच्या हिवाळ्यात मी मुलाकडे अरारला होते, तेव्हा लेकीला सातवा लागला. डोहाळजेवण ठरलं तशी फोनवर म्हणाली, "आई, मला बाकी काही नको. तुझ्या हातचा उकडीचा मोदक आण. गरम हं! मायक्रोवेव्हमध्ये त्याचं रबर होतं."

तिथे जाऊन उकडले असते, पण तिच्या सासूबाई आलेल्या, गॅसचा ताबा त्यांच्याकडे. विहिणीच्या गॅसवर मोदकपात्र ठेवायची माझी काही छाती नाही.

नातीला म्हटलं, "बघ गं, इथून तुरैफला विमानाला किती वेळ?"

तिने फोनवर बोट फिरवलं. "फॉर्टी फाइव्ह मिनिट्स, आजी."

पाऊण तास! एवढी तर वाफ टिकतेच. पहाटे उठून मोदक केले, डब्यात भरले, डबा शालीत गुंडाळला आणि चपला घालून दारात उभी राहिले.

मुलगा म्हणाला, "आई, कुठे?"

"विमानतळावर. पाऊण तासाचं विमान आहे ना?"

"अगं, असं विमानच नाही! आधी खाली रियाधला जायचं, मग तिथून पुन्हा वर तुरैफला."

"हा कसला द्राविडी प्राणायाम? मग तो पाऊण तास कुणाचा?"

नात म्हणाली, "आजी, ते डिस्टन्स कावळा सरळ उडतो ना, तसं मोजतात."

"शुभकार्याला निघालेय मी! कावळ्याचं नाव कशाला काढतेस?"

मुलाने हसत गाडीची किल्ली उचलली. "यल्ला, चल आई. गाडीने अडीच तास."

अडीच तास! शालीवर आणखी माझा स्वेटर गुंडाळला, ते गाठोडं मांडीवर घेतलं आणि हीटर त्याच्याकडे वळवायला लावला. मुलगा म्हणाला, "एक दे ना." म्हटलं, "झाकणाला हात लावशील तर बघ. वाफ जाईल."

वाटेत पोलिसांनी गाडी थांबवली. इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, बघता बघता एकाची नजर माझ्या मांडीवर गेली. मी आपली गाठोडं थोपटत होते, सवयीने. त्याने मुलाला हळूच काहीतरी विचारलं. मुलगा म्हणाला, "मोदक."

"माशाल्ला!" म्हणत पोलिसाने हात हलवून आम्हाला जाऊ दिलं.

"काय विचारत होता रे?"

"बाळाचं नाव."

मागे बसलेली नात इतकी हसली की तिला उचकी लागली. मी नाही हसले. माझा जीव त्या डब्यात.

लेक दारातच उभी. मी पायातल्या चपलाही न काढता झाकण उघडलं. वाफ कसली, वाफेची आठवणसुद्धा नव्हती. तिने मोदक उचलला, तुपाबिपाची वाट न बघता अख्खा तोंडात घातला. विहीणबाई बघतायत, मी बघतेय.

"गार आहे का गं?"

तोंड भरलेलं. तिने मान हलवली, ती हो की नाही, कळेना. हात मात्र दुसऱ्या मोदकाकडे गेला. मग तिसऱ्याकडे. तिसरा गिळून म्हणाली, "सकाळपासून गच्चीवर कावळा ओरडतोय. म्हटलं, आई निघाली."

नात टाळ्या पिटत ओरडली, "सी, आजी! तो डायरेक्ट आला!"

म्हटलं, "मेल्याकडेच डबा द्यायला हवा होता."