भिंतीच्या आतलं माप

एरंडोलच्या सुलक्षणाला जळगावात रोनकभाऊंच्या ऑफिसात लागून अकरा वर्षं झाली होती. इमारत बांधण्याआधी ती कॉम्प्युटरवर उभी करायची, तिला वर्षभराचं ऊन दाखवायचं आणि खोल्या सोसवतील इतक्या गार ठेवायला किती वीज लागेल ते काढायचं, हे तिचं काम. त्या विजेला क्षेत्रफळानं भागायचं. आकडा सरकारी मर्यादेखाली आला की नकाशा पास.

नरडाण्याच्या एका कारखान्यातल्या बायकांसाठी तीन मजली वसतिगृहाचं काम आलं. सुलक्षणानं नेहमीसारखं माप भिंतीच्या आतून धरलं, कारण मर्यादाही त्याच मापावर ठरलेली. आकडा मर्यादेच्या वर गेला. उपाय एकच होता, गच्चीवर ऊन अडवणारा जाड थर. तिनं तसं अहवालात लिहिलं.

रोनकभाऊ माणूस वाईट नव्हता. तिच्या वडिलांच्या ऑपरेशनला तो दिवसभर दवाखान्यात बसून राहिला होता. अहवाल वाचून म्हणाला, "ताई, माप बाहेरून धरा. जिना, व्हरांडा, पार्किंग, सगळं घ्या."

"पार्किंग कोण गार करणार आहे, भाऊ?"

"पण बाहेरून मोजायची पद्धत आहे ना?"

"आहे. मग मर्यादाही त्याच मापाची हवी."

"मालकाला थर नकोय. आपण नाही म्हटलं तर तो दुसऱ्याकडून करून घेईल. इमारत व्हायची तशीच होणार."

तिनं माप बदललं. वीज होती तेवढीच राहिली, क्षेत्रफळ दीडपट झालं, आकडा मुकाट्यानं खाली आला. कुठून मोजलंय त्याची एक ओळ तिनं अहवालाच्या तळाशी घातली. छापील प्रतीत ती ओळ नव्हती. तरी तिनं सही केली.

दोन वर्षांनी तिची चुलत बहीण मोनाली त्याच कारखान्यात पॅकिंगला लागली. राहायला वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर. जाऊ नकोस म्हणावं असं सुलक्षणाला वाटलं, पण नोकरी मोठ्या मुश्किलीनं मिळालेली.

मे महिन्यात एका रविवारी ती भेटायला गेली. रात्रपाळी करून आलेल्या बायका भरदुपारी खालच्या व्हरांड्यात चादरी टाकून पडल्या होत्या. मोनालीनं तिला वर नेलं.

"अक्का, भितले हात लाई देख. खोली नही, तवा शे हाई."

सुलक्षणानं भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

आठवड्यानं मोनाली मशीनपाशी कोसळली. उन्हाचा तडाखा, त्यात झोप नाही. धुळ्याच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. जीव वाचला, पण मूत्रपिंडं अधू झाली. कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदारानं तिच्या जागी दुसरी बाई घेतली. सुलक्षणानं वसतिगृहाच्या व्यवस्थापकाला पत्र लिहून थर टाकायची विनंती केली. उत्तर आलं, इमारत नियमात पास आहे, अहवाल सोबत जोडला आहे. अहवालावर सही तिचीच होती.

एरंडोलला घरी परतलेल्या मोनालीला तिनं जाऊन सगळं सांगितलं.

"तू नही करती ते दुसरा कोनी करता, अक्का," मोनाली म्हणाली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी ऑफिसात नवे नकाशे आले होते. मालक तोच, इमारत दुसरी. सुलक्षणानं कुणाला काही विचारलं नाही. माप बाहेरून धरलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी आकडा बसवून दिला.