दामूच्या मायचा नवस

एकाहत्तरची लढाई संपली तेव्हा आमची इंजिनिअर कंपनी पश्चिम सीमेवर होती. लोकांना वाटतं, युद्धबंदी झाली की शिपाई मोकळा. पेरलेले सुरुंग काय आपोआप उगवून वर येतात? ते काढायला आम्ही मागे राहिलो.

मी नायक होतो. लान्सनायक दामोदर माझ्याच गावचा, कुहीकडचा. सातला फॉल-इन, साडेसातला फील्डवर. दामू आधी मारुतीचं नाव घ्यायचा, मग हेल्मेट चढवायचा. मीही घ्यायचो. तेव्हा माझी श्रद्धा त्याच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती.

त्या दिवशी पुढे मी होतो. सळईनं जमीन टोचत गेलो आणि मोकळ्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावली. फितीच्या आत बिनघोर चालायचं, हा नियम. नऊ वीसला दामू माझ्यासाठी पाणी घेऊन त्या वाटेनं आला. स्फोट फितीच्या आतच झाला.

वायरलेसवर मीच बोललो. "वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

"एक्सपायर्ड. ओव्हर."

तो सुरुंग माझ्या तपासणीतून सुटला होता. त्याच्यावरून मी स्वतः दोनदा गेलो होतो. सुभेदारसाहेब म्हणाले, "तुझे भगवान ने बचाया." मला संताप आला. तरी मान हलवली, कारण तेच सोयीचं होतं.

रजा मिळाली. नागपूरला उतरून कुहीची बस धरली. आम्हा दोघांच्या मायांनी मारुतीला एकच नवस बोलला होता, पोरगा सुखरूप आला तर गावाला रोडग्यांचं जेवण. माझी माय तो फेडणार होती. देवळामागे गेलो, तर तिच्या शेजारी दामूची माय बसलेली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर स्वतःच्या पिठाचे रोडगे भाजत होती.

"काकू, तुम्ही काहून फेडून राहिल्या? देवानं तं तुमचं ऐकलं नाही."

"नाही ऐकलं, मले मालूम आहे," ती म्हणाली. "पण देव नाहीच म्हटलं, तं दामूचा जाब मी कोणाले मागू गा?"

जाब देणारा तिच्यासमोर उभा होता. मी पत्रावळ घेऊन खाली बसलो. तिनं पहिला रोडगा माझ्या पत्रावळीवर ठेवला. मी तो खाल्ला.

पुढे मरेपर्यंत ती दर शनिवारी मारुतीशी भांडायला देवळात जायची. मी बाहेर ओट्यावर बसायचो. माझा देव त्या फितीपाशीच सुटला होता, त्यामुळे मला माफी मागायलाही कोणी उरलं नाही.

दामू चोवीस वर्षांचा होता. त्याची काहीच चूक नव्हती.