सुनकेशरीचं पांढरं पान

सुनकेशरी आमच्या नगरपालिकेत संगणकावर बसते. सहावीपासून दहावीपर्यंत मी तिला शिकवलं. उत्तर येत असूनही हात वर करायला घाबरायची. अजूनही मागून कोणी हाक मारली की दचकते.

सुनकोशी नदीचं पाणी किती चढलंय हे दाखवणारं पान तिनंच बनवलं. नगरपालिकेच्या वायफायवर ते दोन्ही काठांवरच्या फोनमध्ये दिसतं आणि दर मिनिटाला आपोआप नव्यानं उघडतं. पलीकडच्या रेतीवर शेळ्या चारणाऱ्या तिच्या आईला वाचता येत नाही. "आमा, लाल दिसलं तर टेकडी चढ. लाल नसलं तर खुशाल बस," असं तिनं आईला शिकवून ठेवलं होतं.

भदौ महिन्यातल्या, भर पावसाळ्यातल्या एका दुपारी मी शिफारसपत्रासाठी तिच्या टेबलासमोर बसले होते. कुठेतरी दरड कोसळली, काठमांडूकडून इंटरनेट आणणारी केबल तुटली, फोन लागेनात. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या, पाणी मोजणाऱ्या खांबावरचा आकडा मात्र रेडिओवरून येत होता, आणि तो धोक्याच्या पुढे गेला होता. सुनकेशरीनं पान उघडलं. वर नगरपालिकेचा शिक्का, खाली सगळं पांढरं.

"लाल का नाही झालं?" सचिव होमनाथदाइंनी विचारलं.

"रंग भरणारी स्क्रिप्ट, म्हणजे तो छोटा प्रोग्राम, आपल्याकडे नाहीये, दाइ. सगळ्या पानांचा जो साचा आहे, त्यात मी परदेशातल्या संगणकाचा पत्ता लिहिलाय. पान उघडलं की ती तिथून येते."

"नदी आपली अन् रंग परदेशातला? उद्या डाळभातही तिथूनच मागव, बहिनी."

तिला ते ऐकूच गेलं नाही. "आमा बसून असेल, मिस," ती मला म्हणाली. "मीच सांगितलंय तिला." झुलत्या पुलावरून पलीकडे जायला तास लागतो.

तिच्याकडे त्या स्क्रिप्टची प्रत नव्हती. मग तिनं स्वतःच आठ-दहा ओळी लिहिल्या: आकडा बघ, धोक्याच्या वर असेल तर लाल कर. ती फाइल नगरपालिकेच्याच संगणकावर ठेवली, साच्यातला परदेशी पत्ता काढून तिथे या फाइलचा घातला. पान उघडलं. पांढरंच.

"मोठ्यानं वाच," मी म्हटलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिला नुसतं बघत बसू देणं बरं नव्हतं. वाचता वाचता ती थांबली. फाइल ज्या फोल्डरमध्ये होती, त्याचं नावच पत्त्यात घालायचं राहिलं होतं.

पान लाल झालं.

आम्ही तिघं खिडकीशी गेलो. पलीकडे शेळ्या होत्या तिथेच होत्या. मग एक निळा ठिपका उठला, शेळ्या हाकू लागला, टेकडीला लागला. थोड्या वेळानं रेती दिसेनाशी झाली.

चौथ्या दिवशी आमा कार्यालयात आली. "अर्धा तास पांढरं बघत बसले होते गं. पायाशी पाणी आलं, तरी म्हटलं, पोरीनं सांगितलंय तर कशाला भ्यायचं."

सुनकेशरी उठून संगणकाशी गेली आणि तिनं साचा उघडला.

आता साच्यातच पान लाल असतं. पाणी कमी असल्याची खात्री झाली, की तिची इथली फाइल ते हिरवं करते. काही अडलं तर लालच राहतं. वायफाय रेंगाळलं, की आमा उगाचच शेळ्या घेऊन टेकडी चढते आणि "तुझ्यापायी गुडघे गेले माझे," म्हणून करवादते. सुनकेशरी तिला चोळायला तोरीचं, म्हणजे मोहरीचं, तेल नेऊन देते. साच्याला हात लावत नाही.