दर पानाला किती ‘काहून’

सत्तरच्या दशकात मी वाशीमच्या एका बियाणे तपासणी कार्यालयात सांख्यिकी सहायक होते. कॉम्प्युटर नागपुरात, आम्ही वाशीमला. मी पेन्सिलीने कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, एसटीने पाठवायचा, तिकडे त्याची कार्डं पंच व्हायची आणि आठवड्याने उत्तर यायचं. एक स्वल्पविराम चुकला की आठवडा गेला. याला आम्ही वेगवान यंत्रयुग म्हणायचो.

बियाण्याची शेकडा उगवण काढायचा प्रोग्रॅम आमच्या साहेबांनी लिहिलेला होता. त्यात आकड्यांना दिलेली नावं सगळी एका अक्षराची. तिसऱ्या ओळीवरून उडी चाळिसाव्या ओळीवर, तिथून परत सातव्या. प्रोग्रॅमची हुशारी ते कार्डांच्या गठ्ठ्यावरून मोजत: गठ्ठा जितका बारीक, तितकं डोकं मोठं. “कुणालाही समजला तर तो प्रोग्रॅम कसला?” असं ते म्हणत. त्या मापाने तो अप्रतिमच होता. सहा महिन्यांनी त्यांनाही तो समजत नव्हता.

पेरणी तोंडावर आली आणि नागपूरहून यादी आली: वाशीमच्या गोदामातलं ज्वारीचं सगळं बियाणं नापास. मशीन चुकत नाही, म्हणजे माणूस चुकला असणार. पोती ओली होऊ दिली म्हणून गोदामपालाच्या निलंबनाचा प्रस्ताव साहेबांनी लिहिला. टायपिस्ट रजेवर होता, एवढ्याच कारणाने प्रस्ताव पंधरा दिवस थांबणार होता.

गोदामपाल इंझोरी गावचा, पन्नाशीचा, घरातला पहिला पगारदार. ओल्या गोणपाटात मोड आलेली ज्वारी घेऊन तो माझ्या टेबलाशी आला.

“बाई, शंभरात नव्वद उगवली. तुमची मशीन काहून नाही म्हणून राह्यली?”

“मशीनलाच विचारा.”

“तेच म्हणतो. तिले काय सांगतलं, ते मले वाचून दाखवा.”

मी वाचलं. “के बरोबर एन भागिले चार.”

“के म्हंजे कोण?”

“माहीत नाही.”

“काहून भागलं?”

“तेही माहीत नाही.”

“मंग तुमी पगार कायचा घेता?”

प्रश्न रास्त होता. पुढे वाचताना, ज्या ‘काहून’ला मला उत्तर देता आलं नाही त्याची एकेक रेघ मी समासात मारली. पहिल्याच पानावर तेवीस झाल्या. प्रोग्रॅम कितपत वाचता येतो हे मोजायचं माप नागपूरच्या प्रशिक्षणात कुणी दिलं नव्हतं. ते मला असं मिळालं.

चार दिवस बसून मी तो नव्याने लिहिला. नावाला सहाच रोमन अक्षरं मिळायची, त्यात रोपं, ट्रे, उगवण बसवली. उड्या काढल्या. प्रत्येक भागाच्या डोक्यावर, इथे काय चाललंय, याची रोमन अक्षरांतच एक मराठी ओळ घातली. गठ्ठा दुप्पट होणार होता.

“बाई, हा प्रोग्रॅम आहे की कीर्तन?” साहेबांनी विचारलं.

“कीर्तन लोकांना कळतं, साहेब.”

गोदामपालाला पुन्हा बसवलं. या वेळी पहिल्या पानावर चारच रेघा. दुसऱ्या पानावर मी वाचलं, “उगवण बरोबर एकूण रोपं भागिले ट्रे. ट्रे चार.”

“थांबा. चार कुठचे? औंदा तर दोनच होते!”

खरं होतं. एका ट्रेत शंभर दाणे पेरायचे. चार ट्रेंतली रोपं मोजून चाराने भागली की शेकडा उगवण निघे. पण या वर्षी दोन ट्रे साहेबांच्या घरी पाहुण्यांना चहा द्यायच्या सरकारी कामावर होते. रोपं दोन ट्रेंची, भागाकार चाराने. नव्वदचे पंचेचाळीस झाले होते.

मी चार खोडून प्रत्येक लॉटचे, म्हणजे बियाण्याच्या प्रत्येक खेपेचे, ट्रे वेगळे द्यायची सोय केली आणि कागद एसटीने नागपूरला पाठवले. साहेब म्हणाले, “एवढी क्षुल्लक चूक आधीच दिसायला हवी होती.” मी मान्य केलं. इतकी वर्षं ती के आणि एन यांच्या मध्ये निवांत बसलेली होती, आम्हीच तिला ओळख विचारली नव्हती.

नवी यादी आली त्याच्या आदल्या दिवशी टायपिस्ट रजेवरून परतला होता. निलंबनाचा कागद टाइप होऊन साहेबांच्या पुढ्यात सहीला पडलेला. गोदामपालाने यादी माझ्या हातातून घेतली आणि साहेबांसमोर उभं राहून एकेक लॉट मोठ्याने वाचला, प्रत्येकापुढच्या ‘पास’सकट. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद ड्रॉवरमध्ये सरकवला.

“पुन्हा वाचू काय, साहेब?”

“नको.”

त्याने पुन्हा वाचली, पहिल्यापेक्षा सावकाश. मग किल्ल्या घेऊन गोदाम उघडायला गेला.