नानखटाईवरची कोर

आधीच सांगून टाकते, मी जळले. पोटात दुखलं, अंगाचा तिळपापड झाला, काही म्हणून व्हायचं राहिलं नाही.

आमच्या अमरावतीच्या महिला मंडळात महिन्यातून एका शनिवारी दुपारचा चहा असतो. सोबतचं घरचं खाणं आळीपाळीनं येतं. पण जानेवारीत अकोल्याचं मंडळ पाहुणं येतं, त्या दिवशीची नानखटाई माझी. अकरा वर्षं माझी. तसा कोणी ठराव केला नव्हता, पण दुसऱ्या कोणाचं नावही निघत नव्हतं. अकोल्याच्या बाया गाडीतून उतरता उतरताच विचारायच्या, "नानखटाईवाल्या बाई आल्या ना वं?" नवरा गेला, मुलगी सासरी गेली. माझी अशी वाट पाहिली जाते असा वर्षात तेवढाच एक दिवस उरला होता.

आणि मग मंडळात ही नवी आली. चाळिशीची, माहेर वरूडचं, वडिलांची संत्र्याची बाग. पहिल्याच शनिवारी संत्र्याचा केक घेऊन हजर. बाया नुसत्या तुटून पडल्या. मीही एक तुकडा खाल्ला. चांगला होता हो! तेच तर दुखणं. बिघडला असता तर मी तिला किती मायेनं समजावून सांगितलं असतं. वर सगळ्यांना ताई म्हणायची आणि मला काकू. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या अध्यक्षबाई ताई, आणि मी काकू!

डिसेंबरात अध्यक्षबाईंनी जाहीर केलं, "यंदा अकोलेवाल्यांसाठी हिच्याही हातचं होऊ द्या. संत्र्याची नानखटाई करते म्हणते. दोन्ही खाऊन पाहू, मग पुढच्या वर्षी कोणी करायची ते ठरवू."

नानखटाई! अगं, केक कर, चकल्या कर, माझ्याच ताटात हात का म्हणून घालतेस? पण तोंडानं म्हणाले, "होऊ द्या ना. मले काय!"

दोन दिवसांनी ती घरीच आली. "काकू, साठ जणींचं माझ्या ओव्हनमध्ये नाई होत. तुमी भट्टीत नेता ना? मलेबी घेऊन चला."

आमच्याकडे बऱ्याच घरांतून अजूनही मैदा, तूप, पिठीसाखर बेकरीत नेतात. तिथेच पीठ मळायचं, गोळे ट्रेमध्ये लावायचे, भट्टीवाला भाजून देतो. एका वेळी पाच-सहा घरांचे ट्रे आत असतात, पुढचे मागे, मागचे पुढे होत राहतात. म्हणून जो तो आपल्या गोळ्यांवर खूण करतो. कोणी काट्याचमच्याची, कोणी बाटलीच्या झाकणाची. मी बांगडीची कड दाबून चंद्राची कोर उमटवते. खूण नसलेला माल बेकरीचा स्वतःचा. तो थंड झाला की पाकिटांत भरून दुकानांवर जातो. हे तिथं येणाऱ्या लहान पोरीलाही ठाऊक असतं. केकवालीला कुठून असणार?

चहाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी भट्टीवर शेजारी शेजारी बसलो. तिनं पिशवीतून एक डबी काढली. "आईनं साली वाळवून कुटून पाठवली. म्हणे, अकोल्याच्या बायांले आपल्या बागेची चव कळू दे." डबी उघडली आणि भट्टीचा धूर मागे पडून संत्र्याचा असा वास सुटला की पलीकडच्या बाया वळून पाहू लागल्या. माझी वेलची कोणाच्या नाकापर्यंतही गेली नाही. तिचा हात भल्ला साफ होता. एकसारखे, गुळगुळीत गोळे, वर काही नाही.

मी बांगडी दाबत होते. तिनं विचारलं, "काय सुंदर दिसून राहिलं काकू! हे कशासाठी करता?"

एवढा सरळ प्रश्न. आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नाही गं. हौस."

"माझी राहू दे साधीच," ती हसली. दोन तासांनी येते म्हणून घरी तयारीला गेली.

मी थांबले. माझे ट्रे निघाले, डब्यात भरले. तिचे ट्रे निघाले तेही मी पाहिले. सकाळी आमचे ट्रे आत लावणारा माणूस जेवायला गेला होता. दुसऱ्यानं ते उचलले आणि बेकरीच्या मालात नेऊन ठेवले. मी तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथं सुटलं असतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर खरं सांगू, मला हलकं वाटलं.

दुपारी ती रिकाम्या हातानं आली. डोळे लाल. "ताई, माझा माल पाकिटांत भरून गाडीवर गेला वो. भट्टीवाला म्हणे, बेकरीचाच वाटला," एवढंच अध्यक्षबाईंना सांगितलं. मग पदर खोचला आणि माझ्याच नानखटाईच्या बशा घेऊन पाहुण्यांत फिरू लागली. मीही च्‌ च्‌ केलं सगळ्यांसोबत.

मी अकोल्याच्या एका वयस्क बाईंजवळ बसले होते. ती बशी घेऊन आमच्यासमोर आली. बाईंनी एक उचलली, उलटसुलट पाहिली आणि खूश होऊन म्हणाल्या, "अय्या, खूण! आमच्या अकोल्यातबी असंच करतो आमी. खूण नसली का गेला माल बेकरीच्या पाकिटात!"

ती जागच्या जागी थांबली. नानखटाईवरच्या कोरीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बांगडीकडे, मग माझ्याकडे. आता ओरडेल, सगळ्यांसमोर माझी लाज काढेल, या भीतीनं मी बांगडीचा हात पदराखाली घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मीही चार शब्द सुनावले असते.

तिनं बशी बाईंपुढे केली. "घ्या ना अजून एक," ती शांतपणे म्हणाली. "आमच्या काकूंले भल्ली हौस आहे."

बाई हसल्या, आजूबाजूच्याही हसल्या. डबा चहाच्या आधीच संपला आणि पुढच्या वर्षीची नानखटाईही माझ्याकडेच राहिली. निघताना अकोल्याच्या बाया गाडीतून हात हलवून ओरडल्या, "येतो वं, नानखटाईवाल्या बाई!"

ती माझ्या शेजारीच उभी होती. मला हात वर करता आला नाही.