बुरशीची पलटण आणि गणपत हवालदार

सकाळी प्रयोगशाळेत आल्या आल्या गणपत हवालदार उबवणीपेटीचं दार उघडायचे, काचेच्या बशांतल्या बुरशींसमोर टाच आपटायचे आणि विचारायचे, "काय म्हंतीया पलटण? कोन मेलं, कोन फुगलं?" ही हजेरी झाली की मग मला नमस्कार. बुरशी माझ्याआधीपासून तिथं होती. मी साताऱ्याहून नुकताच आलेला हंगामी डेमॉन्स्ट्रेटर.

साठच्या दशकातली, सांगलीतल्या एका कॉलेजातली ही गोष्ट. हवालदार वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई. गाव पलूसकडचं. महायुद्धात ब्रह्मदेशात जाऊन आलेले. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ आणि जीभ कुणाचीही भीड न बाळगणारी. काळ्या बुरशीचं नाव त्यांनी 'हेडक्लार्क' ठेवलं होतं. "कुटंबी तोंड घालतीया, आन् कामाचं इचारलं की न्हाई!" हे ते खऱ्या हेडक्लार्कसमोरही म्हणायचे.

उसाचं पाचट कुजवणाऱ्या बुरशीवर मी संशोधन करत होतो. पाचट काय, सुती कापड काय, दोन्हींत सेल्युलोज असतं. बुरशी ते थेट गिळू शकत नाही. ती आधी अंगातून एन्झाइम, म्हणजे एक प्रकारचा पाचकरस, बाहेर सोडते. त्यानं सेल्युलोजची साखर होते आणि ती साखर ती शोषून घेते. मला तो रस हवा होता. म्हणून मी एका हिरव्या बुरशीला पाण्यात भिजवलेल्या पाचटाबरोबर भरपूर साखर घालत होतो. बुरशी गादीसारखी वाढली. पण खालचं पाणी गाळून त्यात कापडाची पट्टी बुडवली, तर पट्टीला ढिम्म काही होईना. असे चार महिने गेले.

एक दिवस हवालदार म्हणाले, "सर, तुमी हिला लय लाडावून ठेवलीया. रेशन वेळंवर येत असल्यावर जवान जंगलात कंदमुळं उकरत बसतोय व्हय? बरमात आमचा तंबू खाल्ला हिनं. तितं हिला साखर कोन घालत हुतं?"

मी हसलो. बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेला माणूस अशा वेळी हसतो. पण पुढचे तीन आठवडेही वाया गेले, तेव्हा गुपचूप साखर बंद केली आणि नुसतं पाचट ठेवलं. दोन आठवड्यांनी गाळलेल्या पाण्यात पट्टी बुडवली. तिसऱ्या दिवशी ती चिमटीत धरून ओढली, तर ओल्या कागदासारखी फाटली. हवालदार म्हणाले, "उपाशी ठेवल्याबिगर कामाला लागत न्हाई बया!"

मग पट्ट्या कमी पडू लागल्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं, बिनखळीचं कापड हवं होतं. मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो, "कुठूनही आणा हो. प्राचार्यांचा टॉवेल आणा!"

हवालदारांनी हुकूम पाळला. टॉवेलही असा नामी निघाला की मी तो कुणाचा हे न विचारण्याची खबरदारी घेतली. काठाच्या दोन पट्ट्या कापल्या आणि उरलेला तसाच रसात बुडवला. तीन दिवसांनी हवालदारांनी तो हलक्या हातानं धुतला, वाळवला आणि जिथून आणला होता तिथं अडकवून आले. सरकारी माल परत करायचा असतो, ही पलटणीची शिस्त.

दुसऱ्या दिवशी संस्थेची मंडळी चहाला आली होती. प्राचार्यांनी त्यांच्यादेखत मान पुसली आणि टॉवेलचे दोन तुकडे दोन हातांत आले.

आम्हा दोघांना बोलावणं आलं. "हे कुणी करायला सांगितलं?" प्राचार्यांनी विचारलं. माझी नेमणूक हंगामी होती. मी टेबलावरचे टॉवेलचे तुकडे बघू लागलो. हवालदार सावधानमध्ये उभे राहिले. "कुनी न्हाई सायेब. माजीच अक्कल."

त्यांची बदली फाटकावर झाली. वर्षभर मी त्या फाटकातून आत-बाहेर करत राहिलो आणि ते मला सलाम करत राहिले. बशांची हजेरी बंद झाली.

मला कायम केल्याचं पत्र आलं, त्याच दुपारी मी प्राचार्यांकडे जाऊन सगळं सांगितलं. शौर्यासाठी मी चांगला मुहूर्त निवडला होता. प्राचार्य एवढंच म्हणाले, "त्यांना परत घ्या प्रयोगशाळेत."

पुढं हवालदार निवृत्त होऊन पलूसला गेले आणि तिथंच वारले. त्यांचे कितीतरी बोल मी वर्गात मुलांना हसवायला वापरले. एक मात्र कधीच सांगितला नाही. परत आले त्या सकाळी त्यांनी बाह्या सरसावून मोरीतल्या परीक्षानळ्या धुवायला घेतल्या होत्या. मी शेजारी उभा राहून म्हणालो, "हवालदार, मी साहेबांना सगळं खरं सांगितलं."

"कळलं मला. बरं केलंसा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. एक नळी उजेडात धरून त्यांनी तिचा तळ पाहिला. "पन सर, सायबानं इचारलं तवाच बोलला असतासा, तर मग फाटकावर धाडलं असतं तरी मला काई वाटलं नसतं."