टक्क ऐकू येईस्तवर

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या बायांनो, मधी थांबायला लावू नका. चहा निवला तरी चालंल, पण हे ऐकल्याबिगर मी कुणाला उठू देणार न्हाय. घरात येणारी मामलेदारी मी एका मोज्यापायी घालवली हुती. घालवलीच हुती म्हणा की!

महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. आमचे हे तवा दरबारात अव्वल कारकून, आणि मामलेदारीच्या हुकमाकडं डोळं लावून बसल्याले. एक दिवस मंगळवार पेठेतल्या घरी आले आणि फेटा उतरायच्या आधीच म्हणाले, "अगं, तुला गोल्फ खेळायचाय."

"काय खेळायचंय?"

"गोल्फ! इंजिनेरसाहेबांच्या मडमेला बायकांच्या सामन्याला एक बाई कमी पडतीया. मी म्हटलं, आमची येईल की."

"अवो, मला न इचारता?"

"राजवाड्यातल्या आत्यासाहेब येणार हायत बघायला," हे हळूच म्हणाले.

आत्यासाहेबांनी एक शब्द टाकला की हुकूम निघायचा. त्यांनी नाक मुरडलं, की कागद वर्षभर धूळ खात पडायचा. आता यांची मामलेदारी माझ्या हातात, आणि माझ्या हातात काय? तर काठी!

खेळ तसा साधा. वाळू दाबून सपाट केल्याली जागा, भोवतीनं बायकांच्या आडोशाला कापडाची कनात. मधोमध वाटीएवढं बीळ. चेंडू काठीनं हळूच ढकलायचा आणि त्यात पाडायचा, बास. पण डोक्यावरचा पदर सांभाळू, का काठी सांभाळू? शिकायला गेले तवा माझा पयला चेंडू कनातीखालनं बाहेर गेला आणि टांग्याच्या घोड्याला लागला.

मडमसाहेब बिचाऱ्या फार गोड. म्हणाल्या, "बाई, तू डोकं उचलती. डोकं नाय उचलायचं! चेंडू पडला, टक्क आवाज आला, मग उचलायचं."

हे मी असं पाठ केलं म्हणता! घरी अंगणात उलथन्यानं बटाटा ढकलायचे आणि मान खाली घालून उभी राहायचे. सासूबाईंनी चार दिवस बघितलं, मग यांना म्हणाल्या, "हिला कुणाला तरी दाखवून आणा बाबा."

पण खरी भीती निराळीच हुती. ते बीळ! माझं माहेर जोतिबाच्या डोंगराखाली. बिळात हात घालू नये, हे आमच्याकडं पोराला चालता यायच्या आधी शिकवत्यात. आणि हितं चेंडू पडला की खुशाल हात घालून काढायचा!

"ह्यात कोण राहत असंल तर?" मी इचारलं.

"कोणी नाय राहत, बाई," मडमसाहेब हसल्या.

रातभर उघडं पडल्यालं बीळ, आणि म्हणे कोणी राहत न्हाय! मला झोप लागंना.

सामन्याच्या दिवशी सकाळी दोरीवर यांचा लांबडा, काळा, इंग्रजी मोजा वाळत हुता. तो ओढला आणि ओच्यात खोवला. आत हे ओरडत्यात, "माझा दुसरा मोजा कुठं गेला?" मी मुकाट टांग्यात. मैदानावर गेल्या गेल्या, कुणाचं ध्यान न्हाय बघून, काठीनं मोजा बिळात ठासला. वर चेंडूपुरती जागा ठेवली. आत कोण असशील तर आतच ऱ्हा बाबा, म्हटलं.

पयली पाळी नेमकी माझीच. देवाचं नाव घेतलं, चेंडू ढकलला आणि मान खाली घालून थांबले.

टक्क न्हाय.

वाकूनच राहिले. तेवढ्यात मागं गाडी थांबली, कुजबूज झाली, आणि मग एकदम चिडीचूप. खाली घातल्याल्या नजरंसमोर दोन पावलं आली. पायात सोन्याचे तोडे! पायात सोनं घालायचा मान राजवाड्याचाच. मी गार! आता मान वर करावी तर खेळ बिघडतोय, न्हाय करावी तर काय व्हईल? भीतीनं मी आणिकच वाकले.

"मुजरा पोचला बाई, उठा," वरनं आवाज आला.

टक्क कुठाय पण?

शेजारनं फौजदारीणबाई दातओठ खात पुटपुटल्या, "उठा की वो! तुम्ही उठल्याबिगर आम्ही कशा उठणार? कंबर गेली माझी!"

"टक्क आलं न्हाय अजून," मी म्हटलं.

शेवटी आत्यासाहेबांनीच माझी हनुवटी धरून मान वर केली. बघते तर काय! सगळ्या बायका रांगेनं कमरेत वाकल्याल्या. टोपी धरून मडमसाहेबसुदीक!

"असा मुजरा आमच्या सुनांनी कधी केला न्हाय," आत्यासाहेब म्हणाल्या. "कुणाची गं तू?" मडमसाहेबांनी यांचं नाव सांगितलं. "मामलेदारीचा कागद अडलाय, त्यांची? बघू, बघू."

माझ्या जिवात जीव आला. हितंच घरी जायचं का न्हाय मी?

"पण चेंडू कुठंय?" म्हणत मडमसाहेबांनी बिळात हात घातला.

"घालू नगा! साप हाय त्यात!" मी किंचाळले.

मग काय वो! एक बाई पळाली म्हणून दुसरी पळाली, कुणाचा तरी पाय दोरीत अडकला आणि कनात धाडकन खाली. मडमसाहेबांनी चेंडू काढला. टक्क कुठनं वाजणार, मोज्याच्या गादीवर पडला हुता! मग त्याच्यामागनं तो लांबडा काळा मोजा वडून काढला. आणि पडल्याल्या कनातीच्या पल्याड आमचे हे उभे. एका पायात काळा मोजा, एका पायात पांढरा.

आत्यासाहेबांनी मोज्याकडं बघितलं. यांच्या पायाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"उठत का न्हवतीस गं?"

"टक्क आलं न्हाय, आत्यासाहेब."

त्यांनी तोंडाला पदर लावला आणि तडक गाडीत जाऊन बसल्या. संपलं सगळं! हे माझ्याशी बोलंनात. मी रोज देवापुढं रडायचे.

आणि एक दिवस हुकूम आला! मामलेदारी, भुदरगडाला. मागोमाग राजवाड्यातनं जरीच्या रुमालानं झाकल्यालं तबक. सगळी गल्ली गोळा झाली. मी आपली मान ताठ. पैठणीच असणार की! रुमाल काढला तर तबकभर मोजे.

घेऊन आल्याला हुजऱ्या अदबीनं म्हणाला, "आत्यासाहेबांनी सांगावा धाडलाय. भुदरगडात जंगल मोठं, बिळं लई. पुरवून वापरा."

काय सांगू तुम्हाला, पावसाळ्याच्या आत सगळे संपले.